सलामीची रात्र

पत्राचा सारांश: सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघाचा कर्णधार लिहितो. तो तिसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या संघात दरवर्षी ‘सलामी’ होते. बाहेरगावच्या पहिल्या स्पर्धेच्या मुक्कामात नव्या मुलांना साडी नेसवून नाचवतात. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्यांना मराठीत कॉमेंट्री करायला लावून त्यांच्या बोलण्यावर हसतात. पुढचा महिनाभर नव्यांनी सीनियरांच्या बॅगा उचलायच्या आणि जर्सी धुवायच्या. मारहाण नाही, दारू नाही, हे तो आवर्जून सांगतो. गेल्या वर्षी अक्कलकोट तालुक्यातून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या एका नव्या मुलाचा व्हिडिओ ग्रुपवरून बाहेर गेला आणि त्याच्या गावापर्यंत पोचला. दिवाळीनंतर तो मुलगा सरावाला आलाच नाही. ‘अभ्यासाचं टेन्शन होतं’ असं सगळे म्हणतात. यंदा सलामी बंद करावी असं कर्णधाराच्या मनात आहे, पण दुसऱ्या वर्षाची मुलं म्हणतात, ‘आमची झाली तेव्हा चालत होतं, आता आमची पाळी आली तर बंद?’ त्याची स्वतःची सलामी मजेत झाली होती. तेव्हा त्याचा चुलतभाऊ संघात सीनियर होता. सर म्हणतात, ‘तुमचं तुम्ही बघा, फक्त भानगड नको.’ तो विचारतो: ज्यात कुणाला इजा होत नाही अशी गंमत खरंच चुकीची आहे का? आणि बंद केली तर संघ फुटेल का?

प्रिय कॅप्टन,

तू दोन प्रश्न विचारलेस, पण तुझ्या पत्रातली सर्वांत जड गोष्ट प्रश्न म्हणून आलेलीच नाही. तो मुलगा का गेला? ‘अभ्यासाचं टेन्शन’ हे कारण सगळे सांगतात, असं तू लिहितोस. त्याने स्वतः ते कुणाला सांगितल्याचं तुझ्या पत्रात कुठेच नाही. एसटीच्या वेळा सांभाळून कॉलेज करायचं, संध्याकाळी मॅटवर उतरायचं आणि रात्री घर गाठायचं, एवढा आटापिटा करणारा मुलगा अभ्यासासाठी खेळ सोडू शकतो. पण स्वतःचा तसला व्हिडिओ गावातल्या पोरांच्या मोबाइलवर फिरल्यावर सोडतो, तेव्हा कारण शोधायला लांब जावं लागत नाही. तूही ते ओळखलं आहेस, नाहीतर हे पत्र लिहिलंच नसतंस.

‘कुणाला इजा होत नाही’ हे तुझं वाक्य. इजा झाली की नाही याचा निवाडा त्या खोलीत कोण देतं, ते बघ. देतात ते जुने. नव्या मुलाचं अंतिम बारा जणांत नाव अजून पक्कं नाही. चढाईला कुणी जायचं हे तू ठरवणार. पकडी शिकवणारे तेच दादा, आणि परतीच्या गाडीत शेजारी बसणारेही तेच. अशा मुलापुढे साडी ठेवून ‘नको असेल तर नको’ म्हटलं तरी नको म्हणण्याची किंमत त्याला नीट ठाऊक असते. म्हणून तो नेसतो, नाचतो आणि हसतोसुद्धा. ते हसणं म्हणजे होकार नव्हे.

माझी कसोटी एकच आहे. नव्या मुलाने ‘मी नाही करणार’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी संघातली त्याची जागा, त्याच्याशी बोलण्याची पद्धत, नाश्त्याला त्याच्या शेजारी बसणारी माणसं तीच राहतात का? राहत असतील तर खुशाल गंमत करा. राहत नसतील तर ती सक्ती झाली, मग ती गोष्ट कितीही किरकोळ असो.

तुझी स्वतःची सलामी मजेत गेली याबद्दल मला शंका नाही. पण चुलतभाऊ सीनियर होता, हे तू जाता जाता एका ओळीत लिहून गेलास. त्या खोलीत तुझी बाजू घेणारा माणूस होता. गोष्ट हाताबाहेर गेली तर तो थांबवील हे तुला माहीत होतं आणि बाकीच्यांनाही. शिवाय व्हिडिओ गावभर होण्याची भीती तुला नव्हती. अक्कलकोटकडच्या त्या मुलाचं तिथे कोण होतं? साडी तीच, गाणंही बहुधा तेच असेल, पण तुम्हा दोघांची रात्र एकसारखी नव्हती. आणि एक विचारते, रागावू नकोस. गेल्या वर्षी तू दुसऱ्या वर्षाला होतास. त्या रात्री तू खोलीत कुठे होतास, काय करत होतास, हे पत्रात नाही.

आता ‘अशानेच संघ घट्ट होतो’ या समजुतीकडे येऊ. तू ते थेट लिहिलेलं नाहीस, पण दुसऱ्या वर्षाची मुलं हे म्हणत असणारच. एलियट अ‍ॅरनसन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली केलेला एक प्रयोग यासाठी सांगण्यासारखा आहे. एका चर्चागटात यायचं म्हणून काही विद्यार्थिनींना आधी लाज वाटेल असा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना अगदी सौम्य मजकूर दिला, तर काहींना काहीच करायला लावलं नाही. मग सगळ्यांना गटाची चर्चा ऐकवली. ती मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. ज्यांना जास्त लाजवलं होतं त्यांना तीच चर्चा जास्त रंजक वाटली. सोसलेलं फुकट गेलं असं मनाला मान्य होत नाही, म्हणून ज्यासाठी सोसलं त्याची किंमत मन आपोआप वाढवतं. तुमची मुलं ‘सलामीमुळे आम्ही एक झालो’ म्हणतात ती खोटं बोलत नाहीत. त्यांना तसंच वाटतं. पण तसं वाटणं आणि मॅटवर एकमेकांना साथ देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. २००७ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात छळवजा स्वागत जास्त असलेल्या संघांत खेळातली एकजूट कमी आढळली होती.

कबड्डीपुरतं बघितलं तर याचं मला नवल वाटत नाही. कोपऱ्यावरच्या मुलाला घोट्याची पकड करायची असते. क्षणभर आधी झेपावला तर चढाईपटू निसटतो, गुण जातो आणि हा बाद होऊन बाहेर बसतो. म्हणजे चांगला कोपरारक्षक होण्यासाठी सगळ्यांसमोर चुकायची तयारी लागते, तीही पुन्हा पुन्हा. ज्या मुलाला पहिल्याच मुक्कामात कळलं की इथे आपल्यावर हसणारे लोक आहेत, तो पकडीला जाईल की मागे सरकून दुसऱ्याने जायची वाट बघेल? साखळीत ज्याचा हात धरायचा, त्यानेच आठवड्यापूर्वी आपला व्हिडिओ काढलेला असेल तर तो हात घट्ट कसा धरणार?

साडी आणि भाषा, या दोन्हींबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. मुलाने साडी नेसली की ती फजिती का ठरते? बाईसारखं दिसणं कमीपणाचं आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, म्हणूनच ना? तुमच्या कॉलेजातल्या मुलींचा संघही सराव करत असेल. त्यांच्यापर्यंत तो व्हिडिओ गेला नसेल असं समजू नकोस. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्येही नव्या खेळाडूंना बायकांचे कपडे घालून मिरवण्याची रीत कित्येक वर्षं होती आणि तीही ‘निरुपद्रवी’ म्हणून खपत होती. २०१६ च्या अखेरीस खेळाडूंच्या संघटनेबरोबरच्या कराराच्या वेळी ती नियमाने बंद झाली. बेसबॉलची एकजूट त्यामुळे कमी झाल्याचं काही ऐकिवात नाही.

भाषेची नक्कल तर मला साडीपेक्षाही जास्त लागली. आपलं सोलापूर तीन-चार भाषांत जगणारं गाव. पूर्व भागात दारोदार तेलुगू ऐकू येते, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू आहे, आणि आपली मराठीही या सगळ्यांत मुरलेली. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या बापाचा किंवा घरी विड्या वळणाऱ्या आईचा मुलगा मराठी बोलताना अडखळला तर तो त्याच्या घरचा सूर आहे. त्यावर हसलं की त्याच्या घरावर हसल्यासारखं होतं, आणि साडी उतरवता येते तसा तो सूर उतरवता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली भर घातली, तेव्हा भाषा, जात, धर्म, प्रदेश, राहण्याचं ठिकाण, आर्थिक स्थिती यांवरून होणारा मानसिक त्रासही रॅगिंग ठरवला. तुमची ती कॉमेंट्री सरळ या नियमात बसते.

कायद्याचं निघालंच आहे तर तेही सांगते, कारण ‘मारहाण नाही’ एवढ्यावर तू निर्धास्त दिसतोस. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ सालचा आहे. त्याच्या व्याख्येत इजा करणं तर आहेच, पण लाज किंवा भीती वाटेल असं वागणं, चिडवणं, थट्टा करणं, आणि विद्यार्थी एरवी आपल्या खुशीने करणार नाही असं काही त्याला करायला लावणं हेही आहे. संस्थेच्या बाहेर केलं तरी लागू होतं, म्हणजे स्पर्धेच्या मुक्कामाची खोलीही आली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि दुर्लक्ष केलं तर तोही रॅगिंगला साथ देणारा धरला जातो. तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुझे सर ‘भानगड नको’ म्हणतात. भानगड नको असेल तर ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून भागणार नाही, हे त्यांनाही कळायला हवं.

याचा अर्थ नव्या मुलांची कसलीच थट्टा करू नये असं मी म्हणत नाही. युवराज सिंगने सांगितलेला किस्सा अनेकांना माहीत असेल. २००० साली नैरोबीत ‘उद्या डावाची सुरुवात करशील ना?’ असं विचारून सौरव गांगुलीने त्याची झोप उडवली, मग ती थट्टा असल्याचं सांगितलं, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या सामन्यात पोराने ८४ धावा केल्या. त्या थट्टेत त्याच्या अंगावरचे कपडे, त्याची भाषा, त्याचं घर यातलं काही नव्हतं. ती एका रात्रीत संपली. आणि करणारा कर्णधारच त्याला अकरात घेऊन उतरला होता. एवढं असेल तर माझी हरकत नाही.

कामांचंही तसंच. मॅट अंथरणं, पाण्याचे जार भरणं, प्रथमोपचाराची पेटी सांभाळणं ही संघाची कामं आहेत, आणि नव्यांनी ती केली तर त्यात गैर काही नाही. फक्त जुन्यांच्या नावाचीही पाळी लागली पाहिजे. सीनियरची घामेजलेली जर्सी धुणं हे संघाचं काम नव्हे. ते त्या सीनियरचं काम आहे.

‘थोडं सोसल्याशिवाय पोरगं तयार होत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या आठवायला सांग. यात्रेआधी रात्री रात्री सराव चालतो. ती काठी पेलणं हे खरं कष्टाचं काम आहे आणि नव्या माणसाला ते सहजासहजी जमत नाही. पण तो तोल सावरत असतो तेव्हा जुने आजूबाजूला उभे असतात ते सावरायला. अवघडपणा कामातच पुरेसा असतो, तो वरून घालावा लागत नाही. तुमच्याकडेही पहाटेची धाव आहे, शंभर वेळा तीच पकड आहे, गुडघे सोलवटणं आहे. नव्यांना कणखर करायचं असेल तर ते सगळं त्यांच्यासोबत करा. फक्त नव्यांना जादा बैठका, जुने बाजूला उभे, हे मात्र पुन्हा सलामीच झाली.

आता खरा अवघड भाग, दुसऱ्या वर्षाची मुलं. त्यांना समजावणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्यांचा राग खरा आहे. गेल्या वर्षी त्यांना न बोलता एक वचन मिळालं होतं: आज सोस, पुढच्या वर्षी तुझी पाळी. त्यांनी आपला वाटा दिला आणि घ्यायच्या वेळी तू दार लावतोयस. म्हणून ग्रुपवर ‘यंदा सलामी बंद’ असा फतवा टाकू नकोस. नवी मुलं यायच्या आधी फक्त त्यांना एकत्र बसव. मोबाइल बाजूला ठेवायला सांग. सुरुवात स्वतःपासून कर. तुझी रात्र मजेत गेली, आणि भाऊ होता म्हणून गेली, हे सांग. मग गेल्या वर्षीचं सांग. तू हसत असशील तर ‘मी हसत होतो’ हे तुझ्या तोंडून आलं पाहिजे. तुमच्याशी ते करायला नको होतं, आणि मी थांबवलं नाही याबद्दल माफी मागतो, एवढं स्वच्छ बोल. त्यांना पाळीपेक्षा याची जास्त गरज आहे असं मला मनापासून वाटतं. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नाही की त्या रात्री तुला काय वाटलं होतं. विचार. सगळ्यांसमोर बोलले नाहीत तर नंतर एकेकट्याला गाठ. दोघे-तिघे तरी असं काही सांगतील जे तू वर्षभर सोबत खेळून ऐकलेलं नसशील.

‘लई लाडावून ठेवायलास बे त्यांना’ असं कुणीतरी म्हणेलच. वाद घालत बसू नकोस. नव्यांना मॅटवर तयार करायची जबाबदारी त्यालाच दे. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाला एक नवा मुलगा जोडून द्या, हंगामभरासाठी. सरावाच्या वेळा कळवणं, एसटी चुकली तर राहायची सोय बघणं, पकड शिकवणं, दुखापत झाली तर सोबत दवाखान्यात जाणं हे त्याच्याकडे. त्यांना वर्षभर वाट बघून मान हवा होता. तो असा मिळू दे. एवढं करूनही एक-दोघे रुसतील, कदाचित एखादा संघ सोडेल. ते तुला सोसावं लागेल. पण संघ फुटेल का असं तू विचारतोस, म्हणून आठवण करून देते: गेल्या वर्षी एक गडी गेला, तेव्हा त्याला कुणी संघ फुटणं म्हटलं नव्हतं.

सलामी काढून टाकलीस आणि त्या जागी काहीच ठेवलं नाहीस तर पुढच्या वर्षी तू नसताना ती परत येईल. म्हणून नवी रीत घाल. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला सरफराज खानला कसोटीची टोपी अनिल कुंबळेंच्या हातून मिळाली, वडील नौशाद खान तिथेच उभे होते आणि त्यांना रडू आवरलं नाही. देशभरच्या लोकांनी ते पाहिलं. तुमच्याही कॉलेजचे जुने खेळाडू गावात असतील, कुणी पोलिसात, कुणी एमआयडीसीत, कुणी स्वतःचं दुकान सांभाळत. उजव्या कोपऱ्याच्या नव्या मुलाला जर्सी द्यायला उजव्या कोपऱ्यावर खेळलेला जुना गडी बोलवा. नव्यांच्या घरच्यांना बोलवा, पाळी सुटल्यावर येता येईल अशी संध्याकाळची वेळ ठेवा. खर्च चहा-भज्यांचा. मुक्कामात गाणी हवीत तर पहिलं गाणं तुझं, मग सीनियरांचं, नव्यांना वाटलं तर त्यांनी त्यांच्या भाषेतलं म्हणावं. कन्नड किंवा तेलुगू येणाऱ्या मुलाकडून बचावातल्या खुणांचे चार-पाच शब्द सगळ्यांनी शिकून घ्या. बार्शी-सांगोल्याच्या संघांना ते कळायचे नाहीत. ज्या बोलण्यावर हसत होतात ते तुमच्या कामाला येईल.

हे पत्र वाचणाऱ्या नव्या मुलांसाठी आणि पालकांसाठीही थोडं. मुला, तुला नको असेल तर सर्वांसमोर भांडण्याची गरज नाही. आधीच एखाद्या बऱ्या वाटणाऱ्या सीनियरला बाजूला घेऊन ‘मला हे जमणार नाही’ सांग आणि घरी एकाला तरी कळवून ठेव. पालकांनो, मुलगा सरावाला जायला टाळाटाळ करू लागला, मुक्कामाहून आल्यावर गप्प झाला, तर ‘एवढ्याने काय होतं’ म्हणू नका आणि तडक मैदानावर जाऊन आरडाओरडाही करू नका. त्याला विचारून, त्याच्या मर्जीने, प्राचार्यांना लेखी द्या. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८. वर सांगितलेला कायदा शिक्षणसंस्थांसाठी आहे. गल्लीतल्या मंडळांच्या संघांत प्राचार्य नसतात, तिथे प्रशिक्षकाने आणि मंडळाच्या ज्येष्ठांनीच पहिल्या दिवशी सांगायला हवं की आमच्याकडे हे चालणार नाही. मुलींच्या संघांनाही हे सगळं तितकंच लागू आहे.

आणि तो अक्कलकोटकडचा मुलगा. त्याच्याकडे जा, पण संघ घेऊन जाऊ नकोस, एकटा जा. त्याआधी ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमधून तो व्हिडिओ पुसला गेलाय याची स्वतः खात्री कर, आणि बाहेर ज्याच्याकडे गेला असेल त्यालाही गाठून काढायला लाव. त्याला ‘परत ये’ म्हणून गळ घालू नकोस. माफी माग, यंदा सलामी होणार नाही हे सांग, आणि संघात त्याची जागा आहे एवढं एकदा सांगून थांब. तो बोलला नाही तरी चालेल. त्याला तक्रार करायची असेल तर तू साक्ष द्यायला तयार आहेस, हेही सांग, मग त्यात तुझ्यावर काहीही येवो.

सरांशी बोलणं मात्र पुढे ढकलू नकोस. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचं वेळापत्रक लागलं की त्यांनाही सवड नसते आणि तुलाही. त्यांना दोनच गोष्टी माग: मुक्कामाच्या रात्री ते संघासोबत त्याच ठिकाणी राहतील, आणि नव्या मुलांच्या पहिल्या सरावाला सलामी बंद झाल्याचं सगळ्यांसमोर ते स्वतः सांगतील.